आशियाई अरोवाना : ओळख, परमिट, चिप आणि नोंदणी यांचा योग्य क्रम

आशियाई अरोवाना घरी आणणारे बहुतेक लोक आधी मासा पसंत करतात, मग पैसे देतात, त्यानंतर तो टाकीत सोडतात आणि कागदपत्रांचा विचार अगदी शेवटी, कुणीतरी विचारल्यावर करतात. कायद्याला अपेक्षित असलेला क्रम याच्या नेमका उलट आहे. क्रम उलटा झाला की प्रामाणिक माणसाच्या हातीही असा मासा येतो, ज्याचा उगम त्याला कधीच सिद्ध करता येत नाही. हा लेख भारतात हा मासा घेऊ इच्छिणाऱ्या, किंवा आधीच बाळगून असलेल्या, वाचकांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्यातून निघणारा कागद पुढच्या टप्प्यात लागतो.

## तयारी : तीन वेगळे कागद, तीन वेगळी कामे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सुरुवात इथूनच करतो. या माशाबाबत तीन प्रकारचे कागद हाती येऊ शकतात आणि लोक एकाला दुसरा समजतात.

पहिला कागद म्हणजे मत्स्यशेतीचा दाखला. हा बहुधा चकचकीत कार्डाच्या रूपात असतो; त्यावर माशाचे छायाचित्र, होलोग्राम, जातीचे व्यापारी नाव आणि माशाच्या अंगात बसवलेल्या ओळख-चिपचा क्रमांक छापलेला असतो. तो उत्पादकाने दिलेला असतो, कोणत्याही सरकारने नव्हे. मासा कोणत्या शेतीत वाढला, असा त्या शेतीचा दावा त्यातून कळतो. एवढेच त्याचे मोल आहे.

दुसरा कागद म्हणजे साइट्स परमिट. संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या या कराराखाली निर्यात करणाऱ्या देशाचे व्यवस्थापन प्राधिकरण ते देते. मासा सीमा ओलांडून कायदेशीर मार्गाने आला, याचा पुरावा हे परमिट आहे.

तिसरा कागद म्हणजे भारतातील नोंदणी प्रमाणपत्र. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या दुरुस्तीने अधिनियमात पाच-ब हे प्रकरण घातले आणि साइट्सच्या परिशिष्टांतील जाती अनुसूची चार मध्ये आणल्या. या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्या प्रत्येकाने त्याची माहिती देऊन नोंदणी करणे कलम ४९-म खाली बंधनकारक आहे. मासा सध्या तुमच्याकडे आहे आणि शासनाला ते ठाऊक आहे, हे या प्रमाणपत्राने सिद्ध होते.

इशारा : यांपैकी कोणताही कागद दुसऱ्याची जागा घेत नाही. दुकानदाराने ‘सर्टिफिकेट आहे’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी ‘पहिल्या प्रकारचे कार्ड आहे’ एवढाच असतो.

मासा पाहायला जाण्यापूर्वी एक फाइल करावी आणि तिच्या पहिल्या पानावर पाच ओळी आखाव्यात : शास्त्रीय नाव, चिप क्रमांक, साइट्स परमिट क्रमांक, बिल क्रमांक व दिनांक, नोंदणी क्रमांक. पुढचे सगळे काम या पाच ओळी भरण्याचे, आणि त्या एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहण्याचे आहे.

## टप्पा १ : समोरचा मासा नेमका कोणता, हे ठरवा

‘अरोवाना’ हे बाजारातले एक सैल नाव आहे. त्याखाली विकल्या जाणाऱ्या सगळ्या माशांना सारखा नियम लागू नाही. साइट्सच्या परिशिष्ट एक मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत, आहे तो आशियाई अरोवाना, शास्त्रीय नाव स्क्लेरोपॅजिस फॉर्मोसस. करार १९७५ साली अमलात आल्यापासून तो या यादीत आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतही त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. दक्षिण अमेरिकेतील सिल्व्हर अरोवाना आणि उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतील जार्डिनी साइट्सच्या परिशिष्टांत नाहीत.

ओळखताना रंगावर विसंबू नये. लहान पिल्लांचा रंग फिका असतो, टाकीतल्या रंगीत दिव्याखाली तो हवा तसा दाखवता येतो आणि वयानुसारही तो बदलतो. पक्ष (म्हणजे माशाचे पर) आणि खवले पाहावेत. सिल्व्हर अरोवानाचा पाठीवरचा पक्ष खूप लांब असतो. तो आणि पोटाखालचा पक्ष दोन्ही मागे सरकत जवळजवळ शेपटीला भिडतात. आशियाई अरोवानाचा पाठीवरचा पक्ष आखूड, मागच्या बाजूला असतो आणि गोलसर शेपटी त्यापासून स्पष्टपणे वेगळी दिसते. त्याचे खवलेही मोठे असतात : अंगाच्या मध्यरेषेवर सुमारे २१ ते २६. जार्डिनीच्या मध्यरेषेवर ते ३५ च्या आसपास भरतात आणि खवल्यांवर लालसर चंद्रकोरीसारख्या खुणा असतात. मासा हलता असताना मोजणी होत नाही. बाजूने एक स्पष्ट छायाचित्र काढावे आणि ते मोठे करून पडद्यावर खवले मोजावेत.

इथल्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली म्हणजे व्यापारी नावाला वेगळी जात समजणे. सुपर रेड, क्रॉसबॅक, रेड टेल गोल्ड (बाजारात ‘आरटीजी’) आणि ग्रीन ही सगळी नावे साइट्सच्या दृष्टीने एकाच जातीची आहेत. सुपर रेड मूळचा पश्चिम कालिमांतानच्या कापुआस नदीच्या खोऱ्यातला आणि रेड टेल गोल्ड सुमात्राचा, हा फरक शौकिनांसाठी महत्त्वाचा असला तरी परमिट प्रत्येकाला लागते. ‘आरटीजी स्वस्त असतो, त्याला कागद लागत नाहीत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते वेगळे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

दुसरी चूक ‘बाटिक’ अरोवानाबाबत होते. म्यानमारमधील हा मासा २०१२ साली स्क्लेरोपॅजिस इनस्क्रिप्टस या नावाने वेगळी जात म्हणून वर्णिला गेला, त्यामुळे तो यादीबाहेर गेला असा समज पसरला. परिशिष्टातील नोंदीत मात्र या नव्या जातीचा समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे. तोही परिशिष्ट एक मध्येच आहे.

दुकानात शेजारच्या टाकीत असणाऱ्या अरापाइमा या माशाचाही विचार करावा. तो परिशिष्ट दोन मध्ये आहे आणि अनुसूची चार मध्येही, म्हणून नोंदणीचे बंधन त्यालाही आहे. याद्या बदलत राहतात, हेही ध्यानात ठेवावे. ब्राझीलचा झेब्रा प्लेको हा मासा काही वर्षांपूर्वी फक्त परिशिष्ट तीन मध्ये होता. साइट्सच्या २०२२ च्या परिषदेत तो परिशिष्ट दोन मध्ये गेला. म्हणून कोणताही मासा घेताना त्या दिवशीची यादी पाहावी, जुनी पत्रके नव्हेत.

तपासणी : फाइलमधील पहिल्या ओळीत शास्त्रीय नाव लिहिता आले नाही, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा २ : पैसे देण्याआधी कागद मागा आणि वाचा

भारतातील विक्रेत्याकडून मासा घेत असाल, तर तीन गोष्टी मागाव्यात. एक, मासा ज्या साइट्स परमिटवर भारतात आला त्याची प्रत आणि त्यासोबतची सीमाशुल्काची आयात-नोंद. दोन, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर त्या माशाची नोंदणी असल्याचे प्रमाणपत्र. विक्रेताही माशाचा ताबाधारकच असतो आणि कलम ४९-म त्यालाही तितकेच लागू आहे. तीन, चिप क्रमांक लिहिलेले पक्के बिल. ‘बिल नंतर पाठवतो’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण बिलाची तारीख हीच तुमच्या ताब्याची तारीख ठरते आणि नोंदणीची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

परमिट हाती आल्यावर ते नुसते पाहू नये, वाचावे. त्यावर शास्त्रीय नाव स्क्लेरोपॅजिस फॉर्मोसस असे पूर्ण लिहिलेले असले पाहिजे. ‘अरोवाना’ किंवा ‘शोभेचे मासे’ एवढ्यावर भागत नाही. परिशिष्टाचा उल्लेख असतो त्याच रकान्यात उगमाचा संकेत म्हणून एक इंग्रजी अक्षर असते आणि सगळे त्यावर अवलंबून असते. ‘डी’ म्हणजे साइट्स सचिवालयाकडे नोंदवलेल्या प्रजनन केंद्रात व्यापारासाठी वाढवलेला परिशिष्ट एक मधील प्राणी. ‘सी’ म्हणजे बंदिस्त प्रजननातून आलेला, पण या नोंदणीव्यवस्थेबाहेरचा किंवा बिगरव्यापारी हेतूचा. ‘एफ’ म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला, पण बंदिस्त प्रजननाच्या व्याख्येत पूर्णपणे न बसणारा. ‘डब्ल्यू’ म्हणजे निसर्गातून पकडलेला. परिशिष्ट एक मधील निसर्गातल्या प्राण्याचा मुख्यतः व्यापारी हेतूने आंतरराष्ट्रीय व्यापार करारानुसार होऊ शकत नाही. दुकानात विकल्या जाणाऱ्या आशियाई अरोवानाच्या परमिटवर म्हणून ‘डी’ अपेक्षित आहे. दुसरे कोणतेही अक्षर दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवून विचारणा करावी.

‘डी’ संकेत असेल तर प्रजनन केंद्राचा नोंदणी क्रमांकही असतो. या क्रमांकाची सुरुवात ‘ए’ या अक्षराने होते आणि पुढे देशाचा दोन अक्षरी संकेत येतो. साइट्सच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रजनन केंद्रांची यादी जातीनुसार पाहता येते. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर येथील अरोवाना केंद्रे तीत आहेत. केंद्राचे नाव आणि क्रमांक यादीशी ताडून पाहायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे न दिल्यामुळे वर्षानुवर्षे अडचणीत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

यानंतर तारखा पाहाव्यात. निर्यात परमिट दिल्यापासून जास्तीत जास्त सहा महिने वैध असते आणि प्रत्येक खेपेसाठी वेगळे परमिट लागते. मासा प्रत्यक्ष निघाला तेव्हा सीमाशुल्क किंवा तत्सम अधिकाऱ्याने परमिटवरील निर्यात-नोंदीच्या रकान्यात संख्या लिहून सही-शिक्का केलेला असतो. हा रकाना कोरा असेल, तर परमिट दिले गेले होते एवढेच कळते. त्यावर मासा आला की नाही, हे कळत नाही.

इशारा : एकाच परमिटची प्रत अनेक ग्राहकांना दाखवली जाते. परमिटवर दहा मासे असतील, तर त्या दहांचे चिप क्रमांक परमिटला जोडलेल्या यादीत असतात. तुमच्या माशाचा क्रमांक त्या यादीत नसेल, तर ते परमिट तुमच्या माशाचे नाही.

कागद इतक्या बारकाईने का वाचायचे, याचे कारण माशाच्या प्रजननात आहे. हा मासा वयात यायला साधारण तीन-चार वर्षे घेतो. मादी मोजकीच, पण मोठी अंडी घालते. नर ती तोंडात घेतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत काही आठवडे तोंडातच सांभाळतो. जंगलातील पिल्ले मिळवण्याचा मार्ग म्हणजे असा नर पकडून त्याचे तोंड रिकामे करणे. एका नराचा एक पूर्ण हंगाम त्यात जातो. अशी पिल्ले ‘फार्मची’ म्हणून विकायची तर कागद दुसऱ्याचा वापरावा लागतो, आणि तो खपतो तो न वाचणाऱ्या ग्राहकामुळेच.

## टप्पा ३ : चिप स्वतःच्या डोळ्यांसमोर वाचून घ्या

नोंदणीकृत केंद्रातून निघणाऱ्या आशियाई अरोवानाच्या शरीरात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप असते. ती पाठीच्या स्नायूत, पाठीवरच्या पक्षाजवळ बसवलेली असते. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनरच्या लहरींनी ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक १५ अंकी असतो.

वाचताना होणाऱ्या चुका साध्या असतात. अशा चिपचा पल्ला काही सेंटिमीटरांचाच असतो, त्यामुळे मोठ्या टाकीच्या मधोमध पोहणाऱ्या माशाचा क्रमांक बाहेरून मिळत नाही. लोखंडी स्टँड, पंपाची मोटार आणि दिव्यांचे चोक यांच्याजवळ स्कॅनर धरला तरी वाचन बिघडते. पंप आणि दिवे काही मिनिटे बंद करावेत, माशाला जाळीने हळूच काचेच्या कडेला किंवा पाणी भरलेल्या जाड पारदर्शक पिशवीत घ्यावे आणि स्कॅनर पाठीच्या दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावा. माशाला पाण्याबाहेर काढण्याची गरज नसते. स्कॅनर जलरोधक नसेल, तर त्याला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरावे.

क्रमांक पडद्यावर आला की लगेच त्याचे छायाचित्र घ्यावे, शक्यतो मासाही त्याच चौकटीत दिसेल असे. मग क्रमांक मोठ्याने एकेक अंक वाचून परमिटच्या यादीशी आणि कार्डाशी ताडावा. एका कुटुंबासोबत मी अशा पडताळणीला गेलो होतो. कार्डावरचे पहिले अकरा अंक आणि स्कॅनरवरचे पहिले अकरा अंक तंतोतंत सारखे होते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटचे चार अंक वेगळे होते. कार्ड त्याच खेपेतल्या, तिथे नसलेल्या दुसऱ्या माशाचे होते. विक्रेत्याने ‘छपाईची चूक’ म्हणून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. आम्ही व्यवहार केला नाही, आणि घरातली लहान मुलगी परतीच्या वाटेवर रडत होती हे मला अजून आठवते. तरीही निर्णय योग्यच होता, कारण एकाच केंद्राच्या एकाच खेपेतील चिपांचे सुरुवातीचे अंक बहुधा सारखेच असतात आणि ओळख खरी पटते ती शेवटच्या अंकांनी.

इशारा : चिप सापडत नाही म्हणून स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून नवी चिप बसवून घेऊ नये आणि आधीची काढू नये. ओळखचिन्ह बदलणे, खोडणे किंवा काढणे याला कलम ४९-प खाली मनाई आहे. चिप खरोखरच बंद पडली असेल, तर ते वनविभागाला कळवून त्यांच्या सूचनेनुसार पशुवैद्यकाकरवी पुढचे काम करावे.

फार लहान पिल्ले बिनचिपची विकली जातात आणि ‘मोठा झाला की चिप लावू’ असे सांगितले जाते. असे पिल्लू घेऊ नये. कागद आणि मासा यांना जोडणारा एकमेव दुवाच तिथे नसतो.

तपासणी : फाइलमधील दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ आता भरली असली पाहिजे आणि चिप क्रमांक तिन्ही ठिकाणी अंकशः सारखा असला पाहिजे.

## टप्पा ४ : परदेशातून स्वतः आणायचा असल्यास

हा मार्ग बहुतेकांनी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. सगळ्या परवानग्या मासा निघण्यापूर्वी हातात असाव्या लागतात. आधी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे ना-हरकत पत्र, मग त्याच्या आधारे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयातीची परवानगी, साइट्सखाली भारतीय व्यवस्थापन प्राधिकरणाकडून आवश्यक ती मान्यता, जिवंत मासे आयात करण्यासाठीची मत्स्यविषयक परवानगी व विलगीकरणाची व्यवस्था, आणि या सगळ्यानंतर निर्यातदार देशाचे परमिट. यांपैकी एक जरी नाकारली गेली, तरी बाकीच्या निरुपयोगी ठरतात. म्हणून परदेशी केंद्राला आगाऊ रक्कम सर्वांत शेवटी द्यावी.

परमिटची मूळ प्रत माशासोबत प्रवास करते. छायाप्रत किंवा मोबाइलमधील चित्र सीमेवर चालत नाही, आणि मासा पोहोचल्यावर मागील तारखेचे परमिट मिळवण्याचा मार्ग परिशिष्ट एक मधील प्राण्यासाठी गृहीत धरू नये. विमानप्रवासाच्या सामानातून पिशवीत मासा घालून आणणे ही निव्वळ तस्करी आहे. ‘वैयक्तिक पाळीव प्राणी’ म्हणून त्याला सवलत नाही.

## टप्पा ५ : तीस दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करा

केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जिवंत प्राणी प्रजातींची माहिती देणे व नोंदणी करणे यांविषयीचे नियम अधिसूचित केले. ज्यांच्याकडे त्या वेळी असे प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती. ती ऑगस्ट २०२४ अखेरीस संपली. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश २.० या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो आणि तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे आहे. नागपूरला खेटे घालण्याची गरज नसते. स्थानिक पडताळणी आपल्या भागातील वनविभागाकडून होते.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी खालील गोष्टी एका ठिकाणी ठेवाव्यात, कारण अर्धवट माहितीमुळे परत आलेल्या अर्जात दिवस वाया जातात :

- स्वतःचे ओळखपत्र आणि मासा जिथे ठेवला आहे त्या पत्त्याचा पुरावा;
- परमिट, बिल, विक्रेत्याचे नोंदणी प्रमाणपत्र यांच्या स्पष्ट प्रती, सर्व पाने;
- माशाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून;
- स्कॅनरवरील चिप क्रमांकाचे छायाचित्र;
- टाकीचे माप आणि झाकणासह पूर्ण टाकीचे छायाचित्र.

अर्जातील नोंदी करताना शास्त्रीय नाव परमिटवर आहे तसेच, अक्षर न बदलता लिहावे. लिंगाच्या रकान्यात अंदाज लिहू नये. आशियाई अरोवानाचे नर-मादी बाह्यरूपावरून, विशेषतः लहान वयात, खात्रीने ओळखता येत नाहीत. तिथे ‘अज्ञात’ लिहिणे हेच बरोबर आहे. वयही खरेदीच्या कागदावर असेल तेवढेच लिहावे. पत्ता मासा प्रत्यक्ष जिथे आहे तिथला द्यावा. टाकी कार्यालयात आणि अर्जात घरचा पत्ता, अशी विसंगती पडताळणीत उघडी पडते आणि मग खऱ्या कागदांवरही संशय येतो.

नियमांत ठरलेले शुल्क भरल्यावर मिळणारी पोचपावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. कलम ४९-म नुसार, मासा करार किंवा कायदा मोडून मिळवलेला नाही याची खात्री झाल्यावरच नोंदणी प्रमाणपत्र दिले जाते. पावती जपावी, अर्जाची स्थिती अधूनमधून पाहावी आणि मागितलेली माहिती त्याच संकेतस्थळावरून द्यावी.

इशारा : २०२० साली केंद्राने विदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा घोषणेची योजना आणली होती आणि त्या मुदतीत घोषणा करणाऱ्यांना कागद दाखवण्याची अट नव्हती. ती मुदत केव्हाच संपली आहे. ‘आता घोषणा केली की कागद लागत नाहीत’ असे सांगणारा मध्यस्थ तुम्हाला संपलेल्या योजनेची भूल देत आहे.

## मधला प्रश्न : मासा आधीच घरात आहे आणि कागद नाहीत

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा भीती असते. अशा वेळी तीन गोष्टी करू नयेत. जुन्या तारखेचे बिल तयार करून घेऊ नये, कारण त्यातून आणखी एक, अधिक गंभीर गुन्हा होतो. मासा गुपचूप दुसऱ्याला विकू किंवा देऊ नये. आणि तो नदीत, तलावात किंवा धरणात सोडू तर मुळीच नये. तो तोंड वर असलेला, पृष्ठभागावर शिकार करणारा मोठा मासा आहे. आपल्या पाण्यात तो परका आहे. तिथे तो एक तर मरेल किंवा स्थानिक मासे खाईल.

करायचे ते असे. मासा कधी, कोणाकडून, कशा प्रकारे आला याचे खरे निवेदन तारखांसह लिहून काढावे. पैसे दिल्याचे बँकेचे तपशील, संदेश, जुनी छायाचित्रे असे जे असेल ते जोडावे. वन्यजीव कायद्याची माहिती असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि विलंब मान्य करून अर्ज करावा. निर्णय अधिकाऱ्यांचा असतो आणि तो प्रतिकूलही लागू शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण उल्लंघनासाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपये केली आहे आणि कैदेची तरतूदही आहे, हे मी लपवणार नाही. तरीही स्वतःहून पुढे आलेला माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांची बाजू सारखी नसते.

## टप्पा ६ : पडताळणीसाठी टाकी आणि नोंदवही तयार ठेवा

अधिकारी येतील तेव्हा मासा, चिप आणि कागद हे तिन्ही एकाच वेळी दाखवता आले पाहिजेत. स्कॅनर त्यांच्याकडे असेलच असे गृहीत धरू नये. शक्य असल्यास पशुवैद्यकाकडून एका दिवसासाठी मागून ठेवावा. टाकीला घट्ट, वजनदार झाकण असावे. अरोवाना उडी मारतो आणि रात्री टाकीबाहेर पडून मेलेले मासे या छंदात सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. कागदोपत्रीही हा मोठाच घोळ होतो, कारण प्रमाणपत्र हाती राहते आणि मासा नसतो.

एक साधी वही ठेवावी. दर तीन महिन्यांनी माशाची लांबी, छायाचित्र, आजार व उपचार, टाकी बदलली असल्यास त्याची तारीख, एवढ्या नोंदी पुरेत. पंधरा सेंटिमीटरचे पिल्लू काही वर्षांत साठ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि रंगही बदलतो. तेव्हा ‘प्रमाणपत्रावरच्या चित्रातला मासा हाच कशावरून’ या प्रश्नाला चिपच्या जोडीला ही वही उत्तर देते.

## टप्पा ७ : देणे, स्थलांतर, पिल्ले आणि मृत्यू

नोंदणी प्रमाणपत्र मोटारीच्या कागदांसारखे हातोहात फिरत नाही. मासा विकला, भेट दिला किंवा नातेवाइकाकडे कायमचा ठेवला, तरी ताबा बदलतो. देणाऱ्याने हस्तांतराची माहिती द्यायची आणि घेणाऱ्याने आपल्या नावाने नोंदणी करायची असते. घर बदलल्यावर, विशेषतः राज्य बदलणार असल्यास, मासा हलवण्याआधी कळवावे.

घरगुती टाकीत या माशाचे प्रजनन क्वचितच होते. झालेच, तर जन्माची माहिती देणे बंधनकारक आहे, आणि परिशिष्ट एक मधील प्राण्यांचे हेतुपुरस्सर प्रजनन करण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून स्वतंत्र परवाना लागतो. जोडी जमवण्याआधी तो घ्यावा.

मासा मेल्यास घाईने पुरू नये. मृत माशाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, चिप वाचून क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, शरीर जाड पिशवीत घालून शीतपेटीत ठेवावे, संकेतस्थळावर मृत्यूची माहिती नियमांतील मुदतीत द्यावी आणि पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल जोडावा. शरीराची विल्हेवाट वनविभागाच्या सूचनेनंतरच करावी. चिप शरीरातून काढून घेऊ नये आणि कार्ड, परमिट, नोंदणी प्रमाणपत्र यांपैकी काहीही कोणाला देऊ नये किंवा विकू नये. मेलेल्या माशाचे कार्ड विकत मागणारे लोक असतात आणि ते चांगली किंमत देऊ करतात, कारण त्या कार्डावर त्यांना निसर्गातून आणलेला दुसरा मासा बसवायचा असतो. फाइलच्या पहिल्या पानावर पाच ओळींखाली मृत्यूची तारीख लिहावी, सर्व कागदांवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ असे लिहावे आणि फाइल तशीच जपून ठेवावी.